वजन वाढलं, टाचा सोलल्या; आधी काय करायचं?

प्रश्न: आमचा बंट्या पाच वर्षांचा पांढरा नर ससा आहे. दुसऱ्या वर्षी त्याचं वजन २.७ किलो होतं, आता ३.४ भरलं. गॅलरीत जाळीच्या पिंजऱ्यात राहतो, संध्याकाळी दोन तास घरात मोकळा असतो. फरशी गुळगुळीत आहे. खायला सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी पेलेट, पोटभर लसूण घास, रोज एक गाजर. शिवाय सासूबाई जेवताना अर्धी पोळी आणि चहाच्या वेळी एक बिस्किट देतात. दोन महिन्यांपासून मागच्या टाचांवरचे केस गेलेत. उजवीकडे रुपयाएवढा लाल डाग आहे, डावीकडे खपली धरली आहे. हळद आणि खोबरेल लावतो, फरक नाही. शेपटीखाली मऊ लेंड्या चिकटून राहतात. आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं, ते बरोबर आहे का? पाय दुखत असताना फिरू द्यावं का? सोबतीला दुसरा ससा आणला तर पळापळ होऊन वजन उतरेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: आधी उपासाचं. सशाला एकादशी घडवू नका, एक दिवसाचीही नाही. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि ते चालू ठेवतो तो चाऱ्यातला चोथा. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखतं आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. लठ्ठ सशात आणखी एक धोका असतो. उपाशीपोटी अंगातली चरबी एकदम यकृताकडे धावते आणि यकृत बंद पडू शकतं. म्हणून बारा तास तोंडात काही घेतलं नाही, किंवा लेंड्या पडायच्या थांबल्या, तर रविवार आहे, रात्र आहे असं न म्हणता डॉक्टर गाठायचा. वजन उतरवायचं ते खाण्याचा प्रकार बदलून, पोट रिकामं ठेवून नव्हे.

आता टाचा. हे काम आजच करायचं आहे आणि त्याला औषधाच्या दुकानात जावं लागत नाही. कुत्र्या-मांजरासारखी गादी सशाच्या तळव्याला नसते. तिथे असतात फक्त दाट, ताठ केस आणि त्याखाली पातळ कातडी. गवतावर किंवा मातीवर सशाची नखं खाली रुततात आणि भार पुढच्या बोटांपासून टाचेपर्यंत वाटला जातो. कडक फरशीवर नखं रुतत नाहीत, बोटं वर उचलली जातात आणि सगळं वजन मागे टाचेवर येतं. नखं वाढलेली असली की हेच आणखी जास्त होतं. जाळीवर तर भार तारेच्या दोन-चार रेघांवरच पडतो. हाड आणि तार यांच्यात कातडी दिवसभर चेपली जाते, रक्त नीट पोचत नाही. आधी केस जातात, मग लाली येते, मग खपली धरते, खपलीखाली जखम होते आणि शेवटी जंतू हाडापर्यंत पोचतात. बंट्याच्या अंगावरच्या जादा ६००-७०० ग्रॅमचा भार चोवीस तास याच दोन जागांवर आहे. त्यात ओली, लघवीने भिजलेली जागा असेल तर कातडी मऊ पडून लवकर फुटते.

म्हणून पहिलं औषध म्हणजे बसायची जागा. पिंजऱ्याच्या जाळीवर मापाची प्लायवूडची फळी टाका, तिच्यावर जुनी योगा मॅट, तिच्यावर दुहेरी घातलेली सुती सतरंजी किंवा फ्लीसचं पांघरूण आणि सगळ्यात वर तीन-चार बोटं जाड सुक्या गवताचा थर. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशात नखं अडकतात. गोणपाटही नको, ते टोचतं आणि ओल धरून ठेवतं. काथ्याची पायपुसणी तर मुळीच नको. ससा मॅट कुरतडून गिळत असेल तर ती काढून सतरंजीचे पदर वाढवा. घरात तो ज्या वाटेने फिरतो त्या वाटेवरही सतरंज्या अंथरा. साऱ्या फरशीवर नाही अंथरल्या तरी चालेल, त्याच्या नेहमीच्या बसायच्या दोन जागा मात्र सुटता कामा नयेत.

लघवीची सोय वेगळी हवी. बहुतेक ससे एकच कोपरा धरतात. त्या कोपऱ्यात फुटभर रुंद प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा, तळाशी फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, वर गवत. ससे खाता खाता लघवी करतात, तेव्हा गवताची टोपली ट्रेच्या अगदी वर किंवा शेजारी टांगली की बाहेरचं अंथरूण कोरडं राहतं. पाणी लागून गोळा होणारी मांजराची वाळू वापरू नका, ती पोटात गेली तर आतडं तुंबतं. ट्रे रोज बदलायचा. लघवीचे पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून पुसले की निघतात.

हळद-खोबरेल बंद करा. तेलाने केस चिकटून सपाट होतात, म्हणजे उरलीसुरली गादीही जाते. त्यावर हळदीचा आणि धुळीचा लेप बसतो, खाली काय चाललंय ते दिसतही नाही. घरातली स्टिरॉइड मिसळलेली खाजेची मलमंही नकोत. ससा ती चाटतो आणि स्टिरॉइड सशाला फार लवकर बाधतं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, काहीच नको. डॉक्टरांकडे जाईपर्यंत इतकंच करायचं: उकळून कोमट केलेल्या पाव लिटर पाण्यात अर्ध्या चमच्याला थोडं कमी मीठ घालायचं, त्यात भिजवलेल्या गॉजने टाच हलकेच टिपून साफ करायची आणि कोरड्या गॉजने दाबून वाळवायची. दिवसातून एकदा पुरे. खपली ओढायची नाही आणि कडेचे केस कापायचे नाहीत, तेवढंच संरक्षण उरलं आहे. पट्टी स्वतः बांधू नका. सैल झाली तर निसटते, घट्ट झाली तर रक्त अडतं आणि दोन्हीत आतून ओली होते.

टाच बघायची तीही जपून. सशाच्या मागच्या पायांत ताकद असते आणि पाठीचा कणा नाजूक. उचलल्यावर त्याने झटका दिला तर कणा मोडू शकतो. एकाने जमिनीवर बसून ससा छातीशी धरावा, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. दुसऱ्याने मागचा एकेक पाय हलका वळवून मोबाइलवर फोटो काढावा, शेजारी रुपयाचं नाणं धरून. उताणा पाडल्यावर ससा गप्प पडून राहतो ते आरामाने नव्हे, भीतीने. ती युक्ती वापरू नका. असा फोटो आठवड्याला एक काढला की डाग वाढतोय की आटतोय हे महिन्याभरात डोळ्यांना दिसतं. नाही तर "काल होता तसाच वाटतोय" यात आठवडे जातात.

डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात जा. डावीकडची खपली बाहेरून कोरडी असली तरी आत पू असू शकतो. सशाचा पू दह्याच्या गोळ्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. सूज, रक्त, वास, पाय टेकवायला टाळणं, दात करकर वाजवणं, खाणं कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर आठवडाही थांबू नका. साताऱ्याहून शिरवळ जवळ आहे, तिथल्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करा. जवळचे डॉक्टर सशांची नेहमी तपासणी करणारे असतील तर तेही उत्तम. तिथे चार गोष्टी मागून घ्या: खपली खोल वाटली तर टाचेचा एक्स-रे, वेदनाशामक, मागच्या दाढांची तपासणी आणि नखं कापणं. वेदनाशामक म्हणून सशांना मेलॉक्सिकॅम सर्रास दिलं जातं, पण डोस तेच ठरवतील. माणसाची गोळी तोडून देऊ नका.

एक गोष्ट स्वतःहून विचारायचीच. अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते कोणतं, हे चिठ्ठीवर वाचा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडाने दिली तर सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि जीव जाऊ शकतो. कुत्र्या-मांजरांना ही औषधं रोज दिली जातात, त्यामुळे सवयीने लिहिली जाण्याची शक्यता असते. विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. पिसवांसाठी फिप्रोनिलचा फवारा कुणी सुचवला तर तोही सशावर मारू नका.

आता खाणं. तुमच्या यादीत एक वस्तू नाही आणि सगळी गडबड तिथे आहे: साधं सुकं गवत. मोठ्या सशाच्या आहाराचा ८० टक्क्यांहून जास्त भाग गवत हवा. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजतात गवताचे लांब देठ आडवे चघळून, पेलेट फोडून नव्हे. आतडं चालतं तेही त्याच लांब चोथ्यावर.

लसूण घास हे गवत नाही, कडधान्याच्या कुळातला चारा आहे. गाईला, वाढत्या पिल्लाला, दूध पाजणाऱ्या मादीला उत्तम. वाळलेल्या घासात प्रथिनं १८-२० टक्क्यांच्या घरात आणि कॅल्शियम साध्या गवताच्या तिप्पट तरी. ससा आहारातलं कॅल्शियम इतर प्राण्यांसारखं गरजेपुरतं शोषत नाही, मिळेल तितकं शोषतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. म्हणून सशाची लघवी जरा गढूळ असणं स्वाभाविक आहे. पण ती टूथपेस्टसारखी दाट येऊ लागली, किंवा तो लघवीला कुंथू लागला, तर मूत्राशयात गाळ साचतोय असं समजा आणि डॉक्टरांना सांगा.

घासाऐवजी काय? दुकानात टिमोथी गवत मिळतं, पण ते बाहेरून येतं आणि महाग पडतं. परवडत असेल तर घ्या, नसेल तर अडत नाही. वैरणीच्या बाजारात ओटचा वाळलेला चारा, मारवेल, पवना किंवा डोंगरउतारावरचं साधं कापून वाळवलेलं गवत मिळतं. हिरवट रंगाचं, गोड वासाचं, लांब काडीचं निवडा. हलवल्यावर धूर उडावा तशी धूळ उडत असेल किंवा कुबट वास असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. भाताचा पेंढा आणि गव्हाचं काड अंथरायला ठीक, चघळलं तर बिघडत नाही, पण ते मुख्य अन्न नव्हे. ताजी हरळी फारच छान. गणपतीच्या दिवसांत जुड्या उरतात, त्या स्वच्छ धुऊन द्या. बागेतल्या हिरवळीवर फवारणी झालेली नाही याची खात्री करून घ्या, आणि यंत्राने कापलेल्या गवताचा ढीग कधीच घालू नका, तो तासाभरात आंबायला लागतो. रोज सशाच्या अंगाएवढा गवताचा ढीग त्याच्यासमोर असावा. साठवताना पोतं किंवा सुती पिशवी, प्लॅस्टिक नव्हे. पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा पसरून घ्या.

पोळीचं गणित ऐकून तुम्हालाच नवल वाटेल. मध्यम आकाराच्या पोळीत, तूप न लावता, साधारण १०० कॅलरी असतात. तीन किलोच्या सशाची दिवसाची गरज सव्वादोनशे-अडीचशेच्या आसपास. म्हणजे अर्धी पोळी हा त्याच्या दिवसाच्या अन्नाचा पाचवा हिस्सा झाला, बिस्किट वेगळंच. दोन वाट्या पेलेट तर एकट्याच गरजेच्या दुपटीकडे जातात. अर्थात तो सगळे खातोच असं नाही, काही सांडतो, काही उरतात. पोळी-बिस्किट-ब्रेड-भात-हरभरे आजपासून पूर्ण बंद, हे हळूहळू कमी करायची गरज नाही. गाजर म्हणजे गोड खाऊ, आठवड्यातून दोनदा अंगठ्याएवढा तुकडा. केळ्याची एक चकती, तीही त्याच हिशेबात.

सासूबाईंना "देऊ नका" म्हणून भागत नाही, हे सगळ्या घरांत सारखंच. त्यांना "हे द्या" म्हणा. सकाळी एका छोट्या डब्यात त्याचा दिवसाचा खाऊ काढून ठेवा: कोथिंबिरीच्या काड्या, पुदिन्याचे दोन डहाळे, मुळ्याचा पाला, तुळशीची चार पानं. जेवायच्या वेळी आजीच्या हातून त्यातलंच जाईल. डबा संपला की खाऊ संपला. सशाला आजीच्या पायाशी उभं राहायचं असतं, पोळीच हवी असा त्याचा हट्ट नसतो.

पेलेट मात्र एकदम तोडू नका. वाटीने मोजणं सोडा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. तुमच्या दोन वाट्या मिळून १८० ग्रॅमच्या आसपास भरतील. पहिल्या आठवड्यात १४० करा, मग १००, मग ७०, ५० आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात ३० ग्रॅमवर आणून थांबा. लसूण घासही याच वेगाने घटवत गवत वाढवा. प्रत्येक पायरीवर लेंड्या बघायच्या. गोल, हरभऱ्याएवढ्या, फिकट तपकिरी, मोडल्यावर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या लेंड्या म्हणजे बेत जमतोय. लहान, काळ्या, कमी पडायला लागल्या तर मागच्या पायरीवर परत जा आणि आठवडाभर थांबा. पेलेटची पिशवी घेताना तंतुमय घटक १८ टक्क्यांहून जास्त आणि प्रथिनं १२ ते १४ टक्के आहेत का ते वाचा. मांसासाठी पाळलेल्या सशांचं खाद्य लवकर वजन वाढवण्यासाठीच बनवलेलं असतं, ते घरच्या सशाला नको. मक्याचे दाणे, रंगीत तुकडे मिसळलेलं मिश्रणही नको. ससा गोड तेवढं वेचून खातो.

गवताला तो नाक मुरडेल. सकाळी भूक सगळ्यात जास्त असते, तेव्हा फक्त गवत समोर ठेवा, पेलेट संध्याकाळी. तेही वाटीत न घालता गवतात विखरून टाका म्हणजे शोधताना गवत तोंडात जाईल. आठवडाभर असं करूनही तो गवत उचलून टाकून देत असेल, किंवा हनुवटी ओली दिसत असेल, तर हट्ट नाही, दाढांना टोक आलं असेल. म्हणून वर दाढांची तपासणी सांगितली, आणि ती पेलेट तोडायच्या आधी व्हायला हवी.

पालेभाज्या दिवसाला घट्ट भरून दोन-अडीच वाट्या, तीन प्रकार मिसळून. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फुलकोबीची बाहेरची पानं चालतात. पालक आणि माठ क्वचित, थोडा. नवीन भाजी एका वेळी एकच सुरू करा. कांदा, लसूण, बटाटा, अळूचं पान, टोमॅटोचा पाला कधीच नाही. भाजी पाण्यात भिजवून दोनदा धुवा. पाणी जड, रुंद वाडग्यात ठेवा. वाडग्यातून ससे बाटलीपेक्षा जास्त पितात.

शेपटीखाली चिकटणाऱ्या लेंड्या हा अतिसार नाही. ससा दिवसातून काही वेळा उंडुकातल्या (आतड्याच्या पिशवीसारख्या भागातल्या) मऊ, घोसासारख्या लेंड्या थेट तोंडात घेऊन खातो. त्यात जीवनसत्त्वं असतात, ती त्याची गरज आहे. लठ्ठ सशाचं तोंड तिथे पोचत नाही, आणि पिष्टमय खाणं जास्त झालं की त्या लेंड्या जरुरीपेक्षा जास्त बनतात. दोन्ही कारणं तुमच्याकडे आहेत, म्हणून खाणं सुधारलं की हे बरंचसं आपोआप थांबेल. तोवर सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघा. तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करा, अंघोळ घालू नका. पावसाळ्यात इथे माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. एकही अळी दिसली तर तो त्याच दिवशीचा डॉक्टरांचा विषय आहे.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी खाण्याआधी. रिकामी टोपली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि त्यात ससा बसवा. उतरण आठवड्याला ३५ ते ५० ग्रॅम हवी, त्याहून जास्त नको. २.७-२.८ किलोपर्यंत यायला चार-पाच महिने लागतील, घाई करण्यात फायदा नाही. पोट आणि मूत्राशय भरलं आहे की रिकामं, यावर वजन ५०-१०० ग्रॅमने सहज हलतं, म्हणून एका आठवड्याच्या आकड्यावर जाऊ नका, चार आठवडे मिळून बघा. आणि काट्याइतकाच बोटांवर विश्वास ठेवा. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर एकेक बरगडी लागली पाहिजे, पण टोचली नाही पाहिजे. आज बहुधा लागतच नसेल. चार आठवडे काटा हलला नाही तर पेलेट आणखी कमी करायच्या आधी घरात चौकशी करा, कुणीतरी देतंय.

फिरण्याचं: पाय दुखतोय म्हणून कोंडू नका. बसून राहिल्याने टाचेवरचा भार वाढतो, कमी होत नाही. पण पाठलाग करून पळवायचं नाही, सोफ्यावर उड्या नाहीत. सतरंजीवर, गवतावर हळू फिरू द्या, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास. गवताचे दोन-तीन ढीग खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, भाजी पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवा, खाण्यासाठीच त्याला चालावं लागेल. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तो हलणारच नाही. सशाला तीस अंशांच्या पुढे त्रास व्हायला लागतो, तेव्हा गॅलरीतून आत घ्या आणि फिरवणं पहाटेच ठेवा. नखं दर पाच-सहा आठवड्यांनी. पांढऱ्या सशाच्या नखात गुलाबी शीर स्पष्ट दिसते, तिच्या पुढे दोन मिलिमीटर सोडून कापा. चुकून रक्त आलं तर कॉर्नफ्लोर दाबून धरा.

दुसरा ससा आत्ता नको. दोन नर असतील तर चावाचावी होईल आणि टाचा पुन्हा फुटतील. मादी आणली तर महिन्याभरात पिल्लं. गाभणकाळ ३१ दिवसांच्या आसपासच असतो. टाचांवर केस परत येऊ लागले आणि वजन तीनच्या खाली आलं की बंट्याचं खच्चीकरण करून घ्या. त्यानंतर साधारण सहा आठवडे थांबून, दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या खोलीत, मध्ये जाळी ठेवून ओळख करून देता येईल.